पोटखराब म्हणून लिहिलेलें पाणी

महसुलाच्या दप्तरांत जमिनीचे जे प्रकार आहेत त्यांपैकीं सर्वांत उपेक्षित प्रकार म्हणजे पोटखराब. सात-बाऱ्याचा उतारा हातीं आला म्हणजे शेतकऱ्याची नजर प्रथम लागवडीयोग्य क्षेत्राकडे जाते, नंतर आकाराकडे जाते. आणि पोटखराब्याकडे गेलीच तर हा आंकडा कमी कसा होईल एवढ्याच विचारानें जाते. खडकाळ टेंकाड, घळ, ओढ्याची कड आणि पावसाळ्यानंतर पाणी धरून ठेवणारा खोलगट तुकडा हीं सर्व त्या एकाच सदरांत लिहिलीं जातात. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण गांवच्या मराठी शाळेपुरतें झालें व पुढील सारें आयुष्य सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील तालुका कचेऱ्यांतून असलीं पत्रकें भरण्यांत गेलें. त्या अनुभवाच्या व पुढें झालेल्या थोड्याबहुत वाचनाच्या आधारें वाचकांपुढें एकच गोष्ट मांडावयाची आहे. नदीकाठचें साचणारें पाणी ‘खराब’ ह्या सदरांत गेलें तें आकारणीच्या सोयीसाठीं गेलें. त्यावर सारा बसत नाहीं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तें पाणी खरोखरीच निरुपयोगी आहे असा समज करून घेऊन तें बुजवीत सुटणें हें आपल्याच नुकसानीचें आहे.

प्रथम आपल्या नदीची चाल पाहूं. कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावून वाईवरून खालीं उतरते. वेण्णा, उरमोडी व तारळी यांना पोटांत घेऊन ती कऱ्हाडास कोयनेला भेटते. पुढें ब्रह्मनाळास येरळा व हरिपुरास वारणा तिला येऊन मिळतात. कऱ्हाडच्या खालीं खोरें रुंद होतें, उतार मंदावतो आणि नदी वळणें घेऊं लागते. अशी नदी पुराच्या वेळीं काठ ओलांडते, ओसरतांना गाळ टाकते, आणि सखल जागीं पाणी मागें ठेवून जाते. तिनें टाकलेल्या गाळाची जमीन म्हणजे आपली मळी. दप्तरी भाषेंत मळई. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यांत मळईच्या व वाहून गेलेल्या जमिनीविषयीं निराळीं कलमें होतीं, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतही तीं आहेत. नदी जमीन देते व नेते, हें कायद्यानें अशा रीतीनें मान्य केलें. पण तीच नदी पाणीही मागें ठेवून जाते, आणि त्या पाण्यांत कांहीं पिकतें, ह्याकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं.

असें पूरपाण्याचें तळें जगांत पुष्कळ ठिकाणीं आहे. आसामांत त्यास बील म्हणतात, बंगालांत बाओड, उत्तर बिहारांत मन. दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या कांठीं तर अशा तळ्यांची गणतीच नाहीं; मानाउस शहराजवळ त्या नदीचें पाणी दरवर्षीं सुमारें दहा मीटर चढतें व उतरतें. त्यांच्यापुढें आपल्या कृष्णाकांठचीं डबकीं, जुने ओघ व बांधाआडचीं तळीं अगदींच लहान दिसतात. परंतु पाणी चढणें, पसरणें, उतरणें आणि अडकून राहणें ही रीत दोन्हीकडे एकच आहे, आणि म्हणून त्या पाण्यांतील जीवांचा नियमही बव्हंशीं एकच आहे.

हे जीव कोणते? पाण्यांत स्वतःच्या बळानें प्रवाहाविरुद्ध जाऊं न शकणारे, तरंगत राहणारे जे सूक्ष्म जीव आहेत त्यांना १८८७ सालीं व्हिक्टर हेन्सेन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें ‘प्लँक्टन’ असें नांव दिलें. मराठींत त्यांस प्लवक म्हणतात. ज्यांच्यामुळें पाण्यास हिरवट झांक येते ते वनस्पतिप्लवक. त्यांना खाऊन जगणारे ते प्राणिप्लवक. आपल्याकडील गोड्या पाण्यांत प्राणिप्लवकांचे मुख्य गट तीन. पहिला रोटिफर, म्हणजे डोक्याशीं केसांचें चक्र फिरवून अन्न ओढून घेणारा जीव. हा बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, म्हणून नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. दुसरा डाफ्नियाचा गट. पाण्यांत झटके देत उड्या मारणारे पांढरट ठिपके म्हणून हे दिसतात, त्यामुळें त्यांस पाणपिसू म्हटलें तरी चालेल. तिसरा सायक्लॉप्सचा गट. हा साधारण मिलिमीटरभर लांबीचा, एका डोळ्याचा, आणि बहुधा शिकारी वृत्तीचा. शेवाळकण खाऊन पाणी निवळ ठेवणें व स्वतः माशांच्या पिलांचें अन्न होणें, हें ह्या मंडळींचें काम. कटला हा मासा तर मोठा झाल्यावरही मुख्यतः प्राणिप्लवकांवरच पोसतो. माशाचें बोट तळ्यांत सोडण्यापूर्वीं शेण घालून पाणी ‘तयार’ करतात तें ह्याच जीवांची पैदास व्हावी म्हणून.

शेतकऱ्याला ह्यांतली एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. पाणी व अन्न मुबलक असेल तोंवर पाणपिसूच्या माद्या नराशिवायच पिलें देत राहतात. पाणी आटूं लागलें, गर्दी झाली किंवा अन्न तुटलें कीं नर उत्पन्न होतात, आणि मग कठीण कवचाचीं निराळीं अंडीं तयार होतात. तीं अंडीं गाळांत पडून राहतात. तळें कोरडें पडलें, भेगाळलें, वरून गुरें चालून गेलीं तरी तीं मरत नाहींत. पुन्हां पाणी आलें म्हणजे तीं उमलतात. सार्स नांवाच्या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाकडे ऑस्ट्रेलियांतील एका तळ्याचा वाळलेला चिखल पाठविण्यांत आला होता. तो त्यानें आपल्या घरीं पाण्यांत भिजवून त्यांतून तिकडचे जिवंत प्राणी वाढविले व १८८५ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. म्हणजे तळ्याचा गाळ हा नुसती माती नव्हे. तें पुढील सालाचें बियाणें आहे. दुष्काळांतही घरांतलें बियाणें मोडूं नये ही आपल्या वाडवडिलांची शिकवण. पाणपिसू ती आपल्या परीनें पाळते.

आतां पुराचा व ह्या जीवांचा संबंध. वोल्फगांग युंक व त्यांचे सहकारी यांनीं १८८९ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९८९ सालीं, असें मत मांडलें कीं, सपाट खोऱ्यांतील नदीची समृद्धि मुख्यतः पुराच्या वार्षिक चढउतारावर अवलंबून असते. पुराचें पाणी कांठच्या जमिनीवर पसरतें व उतरतें, हीच त्या नदीची नाडी. ब्राझिलांतील संशोधकांनीं २००७ सालीं ह्याचाच एक पोटनियम दाखवून दिला. पूर असतांना सर्व तळीं, ओघ व नदी यांचें पाणी एकमेकांसारखें होतें. पूर ओसरून तीं अलग पडलीं म्हणजे प्रत्येकाचा स्वभाव निराळा होऊं लागतो. एकांत शेवाळ वाढतें, दुसऱ्यांत पाणगवत, तिसरें गढूळच राहतें. आणि त्या त्या पाण्याप्रमाणें प्राणिप्लवकही निराळे. भर पुरांत त्यांची संख्या पाण्याच्या लोंढ्यानें विरळ होते. पाणी स्थिर झाल्यावर प्रथम रोटिफर वाढतात, कारण त्यांची पिढी कांहीं दिवसांतच पुरी होते. मग पाणपिसू व सायक्लॉप्स आपला जम बसवितात. आपल्याकडे आषाढ-श्रावणांत लाल गढूळ पाण्यांत उजेड शिरत नाहीं तेव्हां फारसें कांहीं वाढत नाहीं. भाद्रपद-आश्विनांत पाणी निवळूं लागतें तेव्हां हें पीक उभें राहतें. पहिल्या पावसांत चढणीचे मासे उथळ पाण्याकडे कां धांवतात ह्याचें एक उत्तर येथें आहे. त्यांच्या पिलांचें पाळण्यांतलें अन्न वाहत्या धारेंत नसतें. तें साचलेल्या उथळ पाण्यांत असतें. तो पाळणा आपण बुजवितों आणि पुढें नदींत मासा राहिला नाहीं म्हणून हळहळतों. कृष्णाकांठच्या भोई कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न अशा रीतीनें आपल्या बांधावर येऊन ठेपतो.

कोणी म्हणेल, मासे भोयांचे. आम्हां जमीनधारकांचा ह्या किड्यांशीं काय संबंध? त्यास नारूचें उदाहरण पुरेसें आहे. माणदेशांतील व जतकडील वडीलधाऱ्या मंडळींना नारू म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. पायविहिरींत रोगी पाय बुडवी. त्याच्या जखमेंतून नारूचीं पिलें पाण्यांत पडत. सायक्लॉप्स तीं खाई. तें पाणी न गाळतां जो पिई त्याच्या अंगांतून सुमारें वर्षानें हातभर लांबीचा किडा बाहेर पडे. ऐन पेरणीच्या दिवसांत धडधाकट माणूस महिनोन्महिने आंथरुणास खिळे. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पायविहिरींचें रूपांतर पोहऱ्यानें पाणी शेंदण्याच्या विहिरींत झालें, पाणी कापडानें गाळण्याची शिकवण दिली गेली, टेमेफॉस नांवाचें औषध विहिरींत घालून सायक्लॉप्स मारण्यांत आले. देशांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं राजस्थानांत आढळला व २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त असल्याचें जाहीर केलें. त्या रोगावर लस नव्हती, कीं पोटांत घ्यावयाचें रामबाण औषध नव्हतें. पाण्यांतला मिलिमीटरभर जीव कसा राहतो हें कोणीतरी नीट पाहिलें होतें म्हणूनच हें साधलें. तेव्हां असल्या जीवांचें ज्ञान हा रिकामटेंकड्यांचा उद्योग आहे असें निदान आपल्या दोन जिल्ह्यांतील माणसानें तरी म्हणूं नये.

आतां सध्यांच्या स्थितीकडे वळूं. एके काळीं कृष्णा उन्हाळ्यांत बारीक धारेनें वाहे व डोहाडोहांत साठे. आज धोम, कण्हेर, कोयना इत्यादि धरणांतून पाणी सुटतें आणि बहे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ येथील बंधाऱ्यांना बरगे घातले म्हणजे नदी एकामागून एक अशा लांबट तळ्यांची माळ बनते. पाणी वाहत नाहीं, तें साचतें. साचलेल्या पाण्याचा नियम तळ्याचा असतो. त्यांत नत्र व स्फुरद जास्त आलें कीं शेवाळ व जलपर्णी माजते. दिवसा उन्हांत हिरवें शेवाळ प्राणवायु सोडतें, पण रात्रीं तेंच तो वापरतें. म्हणून अशा पाण्यांत पहांटे प्राणवायु सर्वांत कमी असतो आणि मासे तोंड वर काढून धापा टाकतांना दिसतात. त्यांतच सडणारें द्रव्य येऊन पडलें कीं उरलेला प्राणवायुही संपतो. मार्च २०२३ मध्यें सांगलीजवळ कृष्णेंत मेलेल्या माशांचा जो खच पडला तो अनेकांनीं डोळ्यांनीं पाहिला आहे.

अशा वेळीं कारखान्यांच्या सांडपाण्याकडे व शहरांच्या मैलापाण्याकडे बोट दाखविलें जातें, व तें योग्यच आहे. ज्याचें पाप त्यानें तें निस्तरावें. परंतु हें मासिक शेतकऱ्यांचें आहे, म्हणून शेतकऱ्याच्या पदरांत काय आहे हें बोलणें येथें अधिक उचित होय. उसाला आपण पाणी किती देतों व युरिया किती टाकतों? पिकानें न घेतलेलें नत्र जातें कोठें? कृष्णाकांठच्या मिरज, वाळवें, पलूस ह्या तालुक्यांत जमिनी क्षारपड झाल्या त्या अतिपाण्यानेंच झाल्या, हें आतां कोणी नाकारीत नाहीं. त्या सुधारण्यासाठीं चर खणले, जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या घातल्या. तें करणें आवश्यकच होतें. पण त्या चरांचें खारट व खताळ पाणी शेवटीं ओढ्यानें नदीसच मिळतें. वाटेंतलीं डबकीं व पाणगवताचे पट्टे हें पाणी थोडा काळ थोपवून त्यांतला गाळ खालीं बसवितात व कांहीं नत्र-स्फुरद शोषून घेतात. तीं बुजवून आपण ओढा सरळ केला म्हणजे आपल्या शेताचा सारा निचरा बिनदिक्कत नदींत जातो, आणि तेंच पाणी पुढच्या गांवच्या जॅकवेलमधून पिण्यास वर चढतें. मळी ह्या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत: एक नदीनें दिलेली सुपीक जमीन, व दुसरा कारखान्यांतून निघणारा टाकाऊ भाग. पहिली मळी नदीनें आपणांस दिली; दुसऱ्या प्रकारची मळी व तिचीं भावंडें आपण तिला परत करीत आहों. हा व्यवहार बरोबरीचा नव्हे.

पूर्वेकडील दुष्काळी भागाची गोष्ट निराळी, पण धागा तोच. येरळेवरील नेरचा तलाव, माणगंगेवरील म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव व मायणीचा तलाव हीं एकोणिसाव्या शतकांतलीं कामें. हीं पूरपाण्याचीं तळीं नव्हेत, बांधलेलीं आहेत. परंतु भरणें, पसरणें व कांठ उघडा टाकीत आटत जाणें ही त्यांची चाल तशीच. मायणीस रोहित पक्षी येतात ते उलटी चोंच पाण्यांत घालून चिखलांतले व पाण्यांतले बारीक जीवच गाळून खातात; जेथें हें अन्न नाहीं तेथें तो पक्षी उतरत नाहीं. २०२१ सालीं मायणी व आसपासचीं तळीं पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालीं. पक्षी राखावयाचे तर त्यांचें ताट राखलें पाहिजे, हें उघड आहे.

हें ताट बिघडविणाऱ्या दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली गाळपेर. पाणी हटत जाईल तसतशी उघडी पडणारी जमीन एकसाली पेऱ्यास देण्याची वहिवाट जुनी आहे व गरीब कुटुंबांस तिचा आधार आहे. ती बंद करा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पूर्वीं गाळपेरीवर हरभरा, शाळू, कलिंगड असें ओलीवर येणारें पीक निघे, औषध-फवारणी नव्हती. आज तेथेंही कीटकनाशकें फवारलीं जातात. किडीवर जें औषध चालतें तें पाणपिसूवर किडीहूनही लवकर चालतें, कारण तीही कवचधारी कुळांतलीच व आकारानें किती तरी लहान. क्लोरपायरिफॉस किंवा सायपरमेथ्रिन यांचा अगदीं अल्प अंशही तिला मारण्यास पुरतो. तिच्या गाळांतल्या बियाण्यावरच आपण फवारा मारतों, व पुढच्या पावसांत त्याच जमिनीवर पिण्याचें पाणी उभें करतों.

दुसरी गोष्ट गाळ काढण्याची. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना चालली. तिनें तळ्याची साठवण वाढते व माळरानास माती मिळते, ह्यांत वाद नाहीं. परंतु यंत्र लावून तळें कडेपासून कडेपर्यंत, मुरुमापर्यंत खरवडून काढलें म्हणजे वर सांगितलेलीं अंडीं, पाणगवताचीं मुळें व शिंपले हीं सर्व ट्रॉलींतून शेतांत जातात. तळ्याचा एक भाग, समजा उथळ कडेचा एक पट्टा, न खरवडतां राखला तर पुढच्या पावसांत तेथून सर्व तळ्यास पुन्हां बियाणें मिळेल. हें माझें मत तर्कावर आधारलेलें आहे. पण शेतकरी सारें धान्य विकून घर धुऊन काढीत नाहीं, कणगीच्या तळाशीं बियाणें ठेवतो, तोच हा तर्क आहे. ताकारी, टेंभू व म्हैसाळ ह्या उपसा योजनांचें पाणी आतां पूर्वेकडील तलावांत पडूं लागलें आहे. तें कृष्णेचेंच पाणी. म्हणून पश्चिमेकडील शेतकऱ्यानें नदींत काय सोडलें याचा हिशेब पूर्वेकडील तळ्यांतही लागणार आहे.

आतां मूळ मुद्द्यावर येतों. २०१८ सालीं शासनानें नियमांत बदल करून पोटखराब वर्ग ‘अ’ पैकीं जी जमीन धारकानें स्वतः मेहनत करून लागवडीस आणली असेल ती लागवडीयोग्य म्हणून नोंदविण्याची मुभा दिली. ज्यानें खडकाळ माळ फोडून माती भरली त्याच्या दृष्टीनें हा न्यायच झाला. वर्षानुवर्षें पिकणारी जमीन कागदोपत्रीं खराब राहिल्यानें कर्ज व नुकसानभरपाई यांत तो भरडला जात असे. परंतु त्या सवलतीचा उलटा परिणाम असा कीं, नदीकांठचा खोलगट तुकडा भरून काढण्यास आतां कागदाचेंही आमिष आहे. दहा-वीस गुंठे वाढले, ऊस लागला, सात-बाऱ्यावर आंकडा चढला. पाण्याच्या बाजूनें बोलणारा कोणी नसतो. वर्ग ‘ब’ मधील, म्हणजे ओढे, सार्वजनिक तळीं, रस्ते यांचें क्षेत्र ह्या सवलतींत येत नाहीं, हें प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें. वर्ग ‘अ’ मधील पाणथळ तुकडा बुजविण्याचा हक्क एखाद्यास असेलही; पण हक्क असणें व तो बजावणें शहाणपणाचें असणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, अशा डबक्यानें डांस होतात. ज्या डांसामुळें डेंग्यू पसरतो तो मुख्यतः घराभोवतीं रांजण, पिंपें, कुंड्या व टाकलेले टायर यांतल्या पाण्यांत अंडीं घालतो. जिवंत तळ्यांत मासे व सायक्लॉप्स डांसांच्या अळ्या खातात. व्हिएतनाममध्यें तर गेल्या शतकाच्या अखेरीपासून खेड्यांतील पाण्याच्या हौदांत मुद्दाम ह्याच जातीचे मोठे जीव सोडून डेंग्यूचा डांस कित्येक ठिकाणीं नाहींसा करण्यांत आला. जो जीव आपल्याकडे नारूचें वाहन ठरला तोच तेथें पहारेकरी झाला. जीव चांगला कीं वाईट हें पाणी आपण कसें वापरतों त्यावर ठरतें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें; धोक्याची पातळी तेथें ४५ फूट आहे. २००५ व २०२१ सालींही महापूर आले. अशा पुरापुढें एका डबक्याची काय मातब्बरी? हें म्हणणें खरें आहे. महापूर डबक्यानें थांबत नाहीं, व तसा दावा करणेंही योग्य नव्हे. परंतु महापूर दरसाल येत नाहीं. दरसाल येतो तो लहान पूर, व त्याचें पाणी कोणाच्या सरींत किती दिवस उभें राहतें हें सखल जागा मोकळी आहे कीं भरली आहे ह्यावर पुष्कळ अंशीं ठरतें. आपला तुकडा भरून उंच केला म्हणजे पाणी नाहींसें होत नाहीं. तें शेजाऱ्याच्या बांधाआड जातें. त्यावरून झालेल्या तक्रारींचे कागद ज्यानें हाताळले आहेत त्यास हें निराळें सांगावयास नको.

म्हणून आपल्या संस्थेनें पुढील गोष्टी मनावर घ्याव्या अशी विनंती आहे. नदी व ओढ्याकांठचा जो तुकडा दिवाळीपर्यंत पाणी धरतो तो सभासदानें भरूं नये. भरावयाचाच असेल तर निदान शेजाऱ्यांशीं व ग्रामपंचायतीशीं बोलून मग निर्णय घ्यावा. गाळपेरीवर विषारी फवारणी करूं नये, आणि फवारणीचे पंप ओढ्यांत किंवा तळ्यांत धुऊं नयेत. गाळ काढतांना उथळ कडेचा पट्टा राखावा. उसास युरिया एका हप्त्यांत न देतां वांटून द्यावा व पाणी बेतानें द्यावें. ह्यांत नदीचें हित आहे त्यापेक्षां जास्त आपल्या जमिनीचें व खिशाचें आहे.

शेवटची सूचना नोंदीची. पर्जन्यमापकानें पाऊस मोजतात, पण पाण्याचा स्वभाव कोणी टिपीत नाहीं. त्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. सेकी नांवाच्या इटालियन धर्मगुरूनें १८६५ सालीं पांढरी तबकडी दोरीनें पाण्यांत सोडून ती दिसेनाशी कितीवर होते हें मोजण्याची युक्ति काढली; ती आजही जगभर वापरतात. वीतभर रुंदीची पांढरी थाळी, मधोमध वजन व खुणा केलेली दोरी एवढ्यावर काम भागतें. माशांच्या तळ्यांत ती दीड-दोन वितींवर दिसेनाशी झाली व पाणी हिरवट-तपकिरी असलें तर पाणी सकस. वीतभरांतच नाहींशी झाली व पाणी गर्द हिरवें असलें तर धोक्याची सूचना. आणि पाणी लाल असलें तर तो नुसता गाळ. बारीक जाळीच्या कापडांतून पन्नास लिटर पाणी गाळून तळाशीं एक ते दोन मिलिलिटर प्लवक जमले तर मत्स्यपालक तें पाणी पुरेसें मानतात. ही तपासणी सायंकाळीं करणें बरें, कारण पाणपिसू दिवसा खोल दडून बसते व अंधार पडूं लागला म्हणजे वर येते. शाळेंत सूक्ष्मदर्शक असल्यास मुलांकडून तेंच पाणी पाहून घ्यावें. ‘ब्रॅकिओनस’ जातीचे रोटिफरच बहुसंख्य व पाणपिसू मुळींच नाहीं असें दिसूं लागलें, तर त्या पाण्यांत सडका माल जास्त झाला आहे असा संशय धरावा व पाण्याची रीतसर तपासणी करून घ्यावी. महिन्यांतून एक दिवस, एकाच जागीं, एकाच वेळीं ही नोंद एका वहींत केली तर तीन-चार वर्षांत त्या गांवच्या पाण्याचा जो इतिहास तयार होईल तो कोणत्याही कचेरींत मिळावयाचा नाहीं. आणि पुढें कधीं नदींत विष सोडल्याबद्दल कोणास जाब विचारावयाची वेळ आली, तर आरड्याओरड्यापेक्षां ती वही अधिक कामास येईल. कागदाला कागदानेंच उत्तर द्यावें लागतें, हा महसुली नोकरींतला पहिला धडा.

जमीन आपल्या नांवावर आहे. तिच्यावरून जाणारें पाणी कोणाच्याच नांवावर नाहीं. ज्याला मालक नाहीं त्याची राखण कांठच्या माणसाकडे येते. येत्या पावसाळ्यापूर्वीं ज्यांच्या मनांत असा एखादा तुकडा भरून काढावयाचें असेल त्यांनीं पूर ओसरल्यावर एकदां सायंकाळीं तेथें जाऊन, परळांत थोडें पाणी घेऊन तें उजेडाकडे धरून पाहावें. त्यांत पांढरे ठिपके उड्या मारतांना दिसले तर तें पाणी अजून जिवंत आहे. तें भरावें कीं राखावें हें मग त्यांचें त्यांनीं ठरवावें.

— एक निवृत्त महसूल कारकून